आडवे धनुष्य : एका शिकारी आयुधाची पारख

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीचा पूर्वेतिहास, कुलदैवतांची माहिती, दात्यांची नामावली व गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक हे विषय दरसाल येतात, आणि ते यावेतही. यंदा मात्र आम्ही सुज्ञ वाचकांपुढे जरा निराळा विषय ठेवीत आहोत. तो आहे एका आयुधाचा. हे आयुध आपल्या प्रांतात जन्मले नाही आणि येथे रुजलेही नाही. मग विश्वकर्मीयांच्या अंकात त्यास स्थान कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, मनूचे लोखंड, मयाचे लाकूड आणि त्वष्ट्याचे तांबे-कांसे ही तिन्ही ज्यांत आपापले काम चोख बजावतात अशा वस्तू थोड्या आहेत, आणि त्यांपैकी ही एक आहे. दुसरे असे की, एखादी नवी घडण पुढे आली म्हणजे तिची पारख कशी करावी, हा प्रश्न जेथे भाता फुंकला जातो आणि जेथे रंधा चालतो तेथे रोज उभा राहतो. त्या प्रश्नाचा विचार करण्यास या आयुधाचा दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास फार उपयोगी पडतो.

इंग्रजीत या आयुधास क्रॉसबो म्हणतात. मराठीत त्यास रूढ नाव नाही. म्हणून या लेखात आम्ही त्यास ‘आडवे धनुष्य’ असे म्हणणार आहोत. लाकडाचा एक सरळ दांडा घ्यावा, त्याच्या पुढील टोकास कमान आडवी बसवावी, दांड्याच्या पाठीवर बाणासाठी पन्हळ कोरावी, आणि मागे ओढलेली दोरी अडकवून धरील असा खटका बसवावा, म्हणजे आडवे धनुष्य सिद्ध झाले. खटका दाबला की दोरी सुटते आणि आखूड, जाड बाण पन्हळीतून पुढे झेपावतो. वर्णन सोपे आहे. पण आपल्यातील जाणता कारागीर लगेच ओळखील की, सारे मर्म त्या खटक्यात आहे. कमान वाकविणे पुष्कळांना साधले होते. वाकलेल्या कमानीचा जोर निश्चल धरून ठेवणे, आणि हव्या त्या क्षणी हिसका न बसता तो सोडून देणे, ही खरी नवी गोष्ट होती.

ही गोष्ट शिकाऱ्यास का हवीशी वाटली, हे समजण्यास आपल्याकडील भिल्ल, कातकरी यांचा तिरकमठा डोळ्यांपुढे आणावा. ओढलेली दोरी ही केवळ दंडाच्या बळावर राहते. अर्धे मिनिट गेले की हात कापू लागतो आणि नेम ढळतो. जनावर मात्र आपल्या सवडीने पाणवठ्यावर येते. ते दिसल्यानंतर धनुष्य ओढावे, तर हाताची हालचाल पाहून ते सावध होते. आडव्या धनुष्याने ही अडचण दूर केली. शिकाऱ्याने आधीच दोरी चढवून झुडपाआड बसावे, प्रहरभर वाट पाहावी, आणि जनावर समोर आले म्हणजे बोटाची एवढीशी हालचाल करावी. फ्रान्समध्ये ल पुई या गावाच्या परिसरात रोमन अमदानीतील दोन कोरीव शिळा मिळाल्या आहेत. त्यांवर आडवे धनुष्य शिकारीच्या इतर साहित्याबरोबर कोरलेले आहे. स्कॉटलंडातील सेंट व्हिजिअन्स येथील, इसवी सनाच्या ९ व्या शतकाच्या सुमाराच्या एका शिळेवर तर डोक्यावर टोपडे घेतलेला पारधी गुडघे टेकून रानडुकरावर हेच आयुध रोखून बसलेला दिसतो. लढाईचे वर्णन करणाऱ्या ग्रंथांतून या आयुधाचा बोलबाला झाला खरा. पण रानातला त्याचा वापरही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे.

खटक्याची विद्या पूर्णत्वास नेली ती चीन देशातील कांसे ओतणाऱ्या कारागिरांनी. त्यांचा खटका तीन ओतीव भागांचा व ते भाग जोडणाऱ्या दोन खिळींचा असे. एक भाग आकड्यासारखा, जो दोरी अडवून धरी. त्यालाच वर उभा पाखा असे, त्याचा उपयोग नेम धरण्यास होई. दुसरा भाग त्या आकड्यास आधार देई. आणि तिसरा म्हणजे बोटाने ओढावयाचा दांडा. एका भागाचा भार दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचा तिसऱ्यावर असा क्रमाने कमी होत जाई; त्यामुळे शेकडो पौंडांचा ताण एका बोटाने मोकळा करता येई. इसवी सनापूर्वी ३४१ साली मालिंग येथे झालेल्या लढाईची हकीकत इतिहासकार सिमा च्येन याने दिली आहे. सुन पिन या सेनापतीने अरुंद खिंडीच्या दोन्ही अंगांस आडवी धनुष्ये घेतलेले लोक लपवून ठेवले, आणि अंधारात उजेड दिसताच सर्वांनी एकदम बाण सोडावे असा हुकूम दिला. शत्रूचा सेनापती मशाल पेटवून झाडावरील अक्षरे वाचू लागला आणि तोच उजेड त्याचा काळ ठरला. रात्रीच्या काळोखात ताणलेली धनुष्ये घेऊन हजारो माणसे निश्चल बसून राहतात, हे साध्या धनुष्याने कदापि घडले नसते.

पुढे हान राजवटीत या खटक्यात एक सुधारणा झाली. पूर्वी खटक्याचे भाग थेट लाकडी दांड्यातील खाचेत बसवीत आणि खिळींचा सारा ताण लाकडावर येई. कमान अधिक जोरदार केली की दांडा चिरण्याची भीती असे. हान कारागिरांनी खटक्याभोवती काशाची ओतीव पेटी घातली. त्यामुळे ताण पेटीवर वाटला गेला आणि त्याच लाकडास अधिक जोरदार कमान पेलता येऊ लागली. सुताराची अडचण ओताऱ्याने सोडविली, असा हा प्रकार आहे. नव्या घडणीचा पहिला गुण आम्ही हाच मानतो की, ती जुन्या घडणीतील नेमका कमकुवत सांधा शोधून काढते.

या चिनी कारागिरांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या लेखाचा हेतू तिच्याशी निगडित आहे. १९७४ साली शीआन शहराजवळ छिन सम्राटाच्या समाधीपाशी भाजलेल्या मातीच्या सैनिकांची सेना उजेडात आली. तेथे काशाचे खटके आणि सुमारे ४०,००० काशाची बाणाग्रे सापडली. तज्ज्ञांनी त्या बाणाग्रांच्या धातूची तपासणी केली, तेव्हा असे आढळले की, प्रत्येक जुडग्यातील बाणाग्रांची धातू आपसांत जुळते, पण जुडग्याजुडग्यांत ती थोडी भिन्न आहे. म्हणजे निरनिराळी लहान पथके आपापला माल पूर्णपणे तयार करून देत असावीत. याहून महत्त्वाचे म्हणजे, तेथील काही शस्त्रांच्या पात्यांवर ल्यू बूवेइ या प्रधानाचे नाव, कारखान्याचे नाव आणि प्रत्यक्ष घडविणाऱ्या कारागिराचे नावही कोरलेले आहे. आपल्यापैकी कोणाचेही मन हे वाचून उचंबळून येईल. बावीसशे वर्षांपूर्वीच्या ओताऱ्याचे नाव प्रधानाच्या नावाच्या पंक्तीस! तथापि त्या काळच्या चिनी ग्रंथांत या प्रथेचे जे कारण दिले आहे ते गौरवाचे नाही. वस्तूवर नाव कोरावयाचे ते अशासाठी की, घडण सदोष निघाली तर दोष कोणाचा हे कळावे व त्यास शासन व्हावे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी आम्ही त्याकडे परत येणार आहोत.

पश्चिमेकडे हीच विद्या निराळ्या वाटेने आली. सिसिली बेटातील सिराक्यूज नगरीच्या डायोनिशियस राजाने इसवी सनापूर्वी ३९९ साली युद्धाची तयारी करताना दूरदूरचे कारागीर भारी वेतन देऊन गोळा केले. डायोडोरस हा इतिहासकार म्हणतो की, दूर मारा करणारे नवे यंत्र तेथेच निर्माण झाले. हेरन या ग्रंथकाराने ज्या ग्रीक धनुष्याचे वर्णन केले आहे, त्याच्या मागच्या टोकास अर्धचंद्राकार आडवे लाकूड असे. ते पोटास लावून व पुढचे टोक जमिनीवर टेकून सर्व अंगाचा भार टाकला की दोरी मागे चढे. दंडाचे बळ पुरेना, तेव्हा कारागिराने संबंध देहाचे बळ कामास लावले. पुढे युरोपात धनुष्याच्या टोकास रिकीब आली, मग तरफ आली, मग रहाट आणि दातेरी चक्र आले. प्रत्येक पायरीवर कमान अधिक जोरदार होत गेली आणि अखेर ती पोलादाची झाली.

आता पारख करू. जोर हा पहिला निकष सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण तो फसवा आहे. इंग्रज संशोधक सर राल्फ पेन-गॉलवे यांनी १९०३ साली या आयुधावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी एका जुन्या पोलादी धनुष्याने वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर सुमारे ४४० यार्ड बाण मारून दाखविला. त्या कमानीस वाकविण्यास सुमारे १,२०० पौंड जोर लागे. परंतु तिची दोरी केवळ ७ इंच मागे येई. याउलट १०० पौंडांच्या साध्या लांब धनुष्याची दोरी सुमारे २२ इंच प्रवास करते. आता जोर गुणिले अंतर असा हिशेब करावा. एकीकडे ८,४००, तर दुसरीकडे २,२००. जोर बारापट आणि काम मात्र चौपटीहून कमी! शिवाय पोलादी कमान स्वतःच इतकी जड की, तिच्या शक्तीचा मोठा हिस्सा तिला स्वतःलाच हलविण्यात खर्च होतो. आकड्याने दिपून जाऊन घडण विकत घेणारा गिऱ्हाईक येथे हमखास फसतो.

दुसरा निकष वेळेचा. रहाटाने दोरी चढविणाऱ्यास मिनिटास एकदोनच बाण सोडता येत. तेवढ्या वेळात कसलेला तिरंदाज त्याच्या कितीतरी पट बाण सोडी. २६ ऑगस्ट १३४६ रोजी क्रेसी येथे फ्रेंच राजाने जिनोव्हाचे भाडोत्री लोक पुढे घातले. त्यांच्या आडोशाच्या मोठ्या ढाली मागे सामानात राहिल्या होत्या. दोरी चढविताना आडोसा नाही, आणि समोरून इंग्रजांच्या बाणांचा वर्षाव. अशा स्थितीत त्यांची दाणादाण उडाली. पण हाच दोष रानात तितकासा जाणवत नाही. हरणाच्या शिकारीत पहिला बाण चुकला तर दुसऱ्यासाठी हरीण थांबत नसते. त्याकरिता शिकाऱ्यास दहा बाणांपेक्षा एक खात्रीचा बाण अधिक मोलाचा. म्हणूनच १६ व्या शतकात युरोपातील फौजांनी आडवे धनुष्य टाकून बंदूक हाती घेतली, तरी शिकारी लोकांनी ते सोडले नाही. जामगीच्या बंदुकीचा वास, धूर आणि आवाज यांनी सारे रान जागे होते; धनुष्याने तसे होत नाही. तात्पर्य, एकच घडण एका कामात हरते आणि दुसऱ्या कामात जिंकते. घडणीची पारख कामावाचून करता येत नाही.

तिसरा निकष शिकण्याचा. लांब धनुष्य हाती बसण्यास लहानपणापासून वर्षानुवर्षांचा सराव लागे. आडवे धनुष्य थोड्या दिवसांत साध्य होई. हा गुण खरा, पण समाजाला तो भीतिदायकही वाटला. बायझंटाईन राजकन्या ॲना कॉम्निनी हिने पहिल्या धर्मयुद्धातील पाश्चात्त्यांच्या हाती हे आयुध पाहून ते आपल्या लोकांस अपरिचित व भयंकर असल्याचे लिहून ठेवले. ११३९ साली लॅटरन येथील धर्मपरिषदेने त्याचा ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापर निषिद्ध ठरविला. बंदी कोणी पाळली नाही. ११९९ साली शालू येथील किल्ल्याच्या तटावरून एका सामान्य माणसाने सोडलेल्या बाणाने इंग्लंडचा पराक्रमी राजा पहिला रिचर्ड घायाळ झाला व त्याच जखमेने मरण पावला. इंग्लंडात १५४१ च्या कायद्याने वर्षाकाठी १०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांस आडवे धनुष्य व बंदूक बाळगण्याची मनाई केली. जी घडण कोणासही सहज वापरता येते, ती कोणाच्या हाती पडावी हा प्रश्न तिच्या पाठोपाठ येतोच.

येथे आपल्या देशाकडे वळणे उचित होईल. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीत आणि १५१० साली गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कच्या सैन्यात आडवी धनुष्ये होती. तरीही महाराष्ट्रात त्यांनी मूळ धरल्याचे दिसत नाही. घोडदौडीवर भर देणाऱ्या फौजेस जड आणि सावकाश चढणारे आयुध गैरसोयीचे होते, आणि बंदूक त्याच सुमारास हाती येत होती. परंतु देशाच्या कडेकडेच्या भागांत ते आढळते. निकोबारी लोक पक्षी मारण्यास त्याचा उपयोग करीत. मलबारात खाजणातील मासे टिपण्यास ते वापरीत. जेम्स हॉर्नेल यांनी १९२४ साली दक्षिण भारतातील फुंकनळ्या, फेकीच्या काठ्या व आडवी धनुष्ये यांवर निबंध लिहिला, त्यात त्याचा विचार आहे. काही ठिकाणच्या अशा धनुष्यांचा खटका अगदी साधा असतो. दांडा मागून आडवा चिरलेला. वरच्या फाळीत दोरीसाठी खाच आणि खालच्या फाळीवर एक खुंटी. दोन्ही फाळी हाताने दाबल्या की खुंटी वर येऊन दोरीस खाचेबाहेर ढकलते. ना काशाची पेटी, ना पोलाद, ना दातेरी चक्र. मोडले तर रानातल्या लाकडाने तेथेच दुरुस्त होते. अमीर-उमरावांची सोन्यारुप्याने मढविलेली धनुष्ये संग्रहालयांत जाऊन बसली. ही साधी धनुष्ये मात्र गरिबाच्या हातात राहिली. चौथा निकष हा की, वापरणाऱ्यास ती वस्तू स्वतः सांभाळता आली पाहिजे.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत जड निकष. १६२१ साली कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज ॲबट हे ब्रॅम्सहिल येथील एका उमरावाच्या उपवनात शिकारीस गेले होते. हातात आडवे धनुष्य होते. त्यांनी हरणावर बाण सोडला. तो जाऊन लागला तेथील रखवालदाराच्या दंडात, आणि रक्तस्राव होऊन तो बिचारा मरण पावला. राजाने ॲबट यांस माफी दिली. परंतु नवनियुक्त बिशपांपैकी काहींनी त्यांच्या हातून दीक्षा घेण्याचे नाकारले. ॲबट यांनी रखवालदाराच्या विधवेस सालिना नेमून दिला, आणि पुढे आयुष्यभर दर महिन्यास एका मंगळवारी उपवास केला. साध्या धनुष्याचा ताण धनुर्धराच्या हातास क्षणोक्षणी जाणवत असतो; खटक्याने तो ताण हातावरून काढून घेतला. श्रम गेले, आणि श्रमाबरोबर धोक्याची जाणीवही अंशतः गेली. सोय वाढली की सावधपणा घटतो. हा दोष वापरणाऱ्याचा की घडणीचा?

आजच्या घडविणाऱ्यांनी याचे उत्तर आपल्या कृतीने दिले आहे. अमेरिकेतील हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली कप्पी लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. त्या कप्प्या पुढे आडव्या धनुष्यासही लागल्या. कमान अरुंद झाली, दोरीचा प्रवास लांबला, आणि १,२०० पौंडांच्या पोलादाचे काम त्याच्या अंशमात्र जोराने होऊ लागले. पण आम्हास त्या कप्प्यांहून अधिक मोलाच्या वाटतात त्या खटक्यातील दोन लहान योजना. दोरी चढताच खटका आपोआप बंद होतो, ही एक. पन्हळीत बाण नसेल तर खटका दाबूनही दोरी सुटत नाही, ही दुसरी. कारण बाणावाचून सोडलेली दोरी कमानीचे तुकडे करते व जवळच्या माणसास इजा करते. वापरणारा केव्हातरी चुकणार, हे घडविणाऱ्याने आधीच हिशेबात धरले आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी, मोजके अपवाद वगळता, शिकार बंद झाली आहे, आणि ते योग्यच झाले. आम्ही हे आयुध कोणी हाती घ्यावे म्हणून लिहीत नाही. आमचा रोख आहे तो घडविणाऱ्याच्या दायित्वावर.

आता त्या चिनी पात्यावरील नावाकडे परत येऊ. आपल्या पूर्वजांनी नांगर, गाडे, वाड्यांचे खांब, देवळांच्या घंटा घडविल्या. त्यांवर कोणाची नावे नाहीत, याची खंत आपल्या संमेलनांतून वारंवार बोलून दाखविली जाते, आणि ती खंत आमचीही आहे. तथापि नाव कोरणे म्हणजे केवळ मान मागणे नव्हे. ‘ही वस्तू मोडली तर मला विचारा’ असे म्हणणे होय. आज आपली मुले यंत्रशाळांत, कार्यालयांत, कारखान्यांत नव्या घडणी आखीत आहेत. त्यांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो की, नवी घडण पुढे ठेवताना जोराचा आकडा शेवटी सांगावा. आधी विचारावे : ही कोणत्या कामाची, कोणाच्या हातात जाणार, त्यास ती सांभाळता येईल काय, आणि चूक झाली तर अनर्थ टळेल अशी योजना आपण केली आहे काय?

आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस एक विनंती आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी कोणती वस्तू घडविली, कोणत्या साली, आणि तिच्यात कोणता दोष आढळल्यावर त्यांनी तो कसा दूर केला, हे प्रत्येक कुटुंबाने लिहून काढावे व पुढील स्मरणिकेकडे पाठवावे. गुणांबरोबर दोषही लिहावेत. किंबहुना दोष अगत्याने लिहावेत. दोषाची नोंद ठेवणाऱ्या घराण्यातच पुढची पिढी शहाणी होते. अशी शंभर घरांची टिपणे जमली, तर आपल्या समाजाचा खरा इतिहास त्यांतून उभा राहील, आणि त्या इतिहासातील प्रत्येक नाव मानाचेही असेल व जबाबदारीचेही.